आठ बाजूंचा खडा

“मग मला प्रवचनाची परवानगी देणार तरी कधी, अप्पा?”

बसलिंगाचं हे रोजचंच झालं होतं. नदीपल्याडच्या गावाने त्याला श्रावणात प्रवचनाला बोलावलं होतं, आणि मठाच्या अप्पांनी हो म्हटल्याशिवाय जाता येत नव्हतं. वाचन दांडगं होतं त्याचं. जीभही तशीच.

अप्पांनी खिडकीकडे बोट दाखवलं. मठाच्या शाळेतल्या पोरांनी तिथे पेल्यांत तुरटीचं पाणी ठेवलं होतं. प्रत्येक पेल्यात एक दोरा, दोऱ्याला तुरटीचा कण. कणाचा खडा कसा होतो ते पोरं बघत होती.

“असा एक खडा वाढवून आण.”

“अहो अप्पा, हा पोरांचा खेळ आहे!”

“आहेच. तुला येतो का?”

झाली का पंचाईत! बसलिंगाने तणतणत पाणी तापवलं, विरघळेल तेवढी तुरटी विरघळवली आणि वाफा निघत असतानाच कण आत सोडला. सकाळी बघतो तर नुसता दोरा.

“कण कुठे गेला, अप्पा?”

“पाण्याने खाल्ला. निवू कुठे दिलंस तू त्याला?”

पुढच्या खेपेला त्याने पाणी निवू दिलं. कण सोडला, पेल्यावर फडकं टाकलं आणि हात आवरला.

मग गंमतच झाली. परवानगीचं विसरून हा पठ्ठ्या उठल्यासुटल्या पेल्यापुढे उकिडवा बसायला लागला. कणाला कडा येत होत्या. सरळ, धारदार.

“अप्पा, याला कडा कोण पाडतं हो? आत तर कुणीच नाही!”

“मीही तेच बघतोय…”

ढगाळ हवेत पाणी आटता आटेना. तरी शेवटी खडा बोराएवढा झाला. आठ बाजू, आरपार स्वच्छ. बसलिंग तो ओंजळीत घेऊन धावतच अप्पांकडे आला.

अप्पांनी खडा उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला.

“काय देखणा झालाय रे!”

“प्रवचनात हाच दाखवणार. मन असं हवं, म्हणून सांगणार. आता तरी जाऊ ना?”

अप्पा उठले. ओसरीवर पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. नदी भरून वाहत होती, त्यामुळे पाणी चहासारखं गढूळ. अप्पांनी खडा त्यात बुडवला आणि गरागरा फिरवायला लागले.

“अप्पा! अहो, कडा जातील त्याच्या!”

अप्पा फिरवतच राहिले. बसलिंगाला रडू आवरेना.

…

दोघं रांजणापाशी बसून राहिले. गाळ हळूहळू तळाला गेला. शाळा सुटली, तशी पोरं आली, पेले भरून घटाघटा प्यायली आणि हुंदडत गेली. बसलिंग त्यांच्याकडे बघत होता.

अप्पांनी खडा त्याच्या तळहातावर ठेवला. बोथट, गुळगुळीत.

“त्या गावाला पाणी कुठलं?”

“नदीचंच…”

“मग जा. पण परत येशील तेव्हा हा खडा तुझ्याजवळ सापडला, तर मठाची पायरी चढू नकोस.”