धनेशीण पोटभाडेकरू

फार फार वर्षांपूर्वी, झाडांच्या ढोल्यांनाही मालक असायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका रानात बेहड्याचं जुनं झाड होतं. त्यातली ढोली घुबडआजोबांची. ते स्वतः शेजारच्या आंब्यावर राहायचे आणि ढोली त्यांनी एका खारीला दिली होती. भाडं एवढंच, की दिवसा आजोबा झोपलेले असताना कावळे आले तर चिरचिरून त्यांना उठवायचं.

खारीला दिवस गेले होते. ढोलीत तिने सावरीचा कापूस अंथरून ठेवला होता.

एके दिवशी दारात भल्यामोठ्या चोचीची धनेशीण आली. "ताई, अंडी घालायला एक कोपरा देतेस? माझा नवरा रोज उंबरं आणील, तुलाही देईल."

उंबरं म्हटल्यावर खार विरघळली. तरी मालकाला विचारायला हवं, एवढी अक्कल तिला होती. ती भर दुपारी आंब्यावर गेली. "आजोबा, पोटभाडेकरू ठेवू का?"

आजोबा घोरत होते. नाही म्हणाले नाहीत म्हणजे हो, असं समजून खार परतली. रात्री जागणाऱ्याला दुपारी विचारलं तर तो काय उत्तर देणार? पण खारीची जात दिवसाची. तिला वाटायचं, सगळं जग दुपारीच जागं असतं.

दुसऱ्या दिवशी खार दाणे शोधून आली, तर दाराच्या जागी भिंत. चिखलाने लिंपलेली, मधे चोचीपुरती फट. झाड चुकलं की काय म्हणून ती खाली उतरली, खोड हुंगलं, पुन्हा चढली. झाड तेच होतं.

"बाई, दार कुठं गेलं?"

"लिंपलं," आतून धनेशीण म्हणाली. "आमच्यात अशीच रीत आहे. पिलं मोठी होईपर्यंत दार उघडत नाही."

"अगं, पण इथे मी राहते."

"मग लिंपताना कुठे होतीस?"



तिन्हीसांजेला आजोबा जागे झाले. खारीने रडत रडत सगळं सांगितलं. आजोबांनी मान या अंगाला फिरवली, त्या अंगाला फिरवली.

"थांब. ढोली माझी. दिली तुला. मग आत कोण?"

"माझी पोटभाडेकरू."

"आणि तू बाहेर?"

"हो."

"म्हणजे घर मी दिलंय कुणाला?"

"तेच मला कळेना, आजोबा."

आजोबाही गोंधळले. भिंत फोडावी तर धनेशिणीची अंडी उघडी पडतात, न फोडावी तर खारीची होणारी पिलं उघड्यावर येतात. शेवटी ते थकून म्हणाले, "मी जागा असताना विचारायचं होतंस, बाळ. धनेशांची रीत मला माहीत आहे. पलीकडच्या मोहाची ढोली रिकामीच होती, ती दिली असती तिला."

खारीचे दात भिंत कुरतडू शकले असते. ती फटीशी गेली. आत धनेशीण, त्यांच्या रीतीप्रमाणे पिसं झडलेली, उडताही न येणारी, अंड्यांवर बसली होती. खारीला कुरतडवेना.

तिने वरच्या बेचक्यात काड्यांचं घरटं केलं. तिथेच पिलं झाली. एका वादळी दुपारी सगळ्यात धाकटं पिल्लू खाली पडलं, ते उठलंच नाही. धनेश ठरल्याप्रमाणे उंबर घेऊन आला, पण खारीने त्या उंबराला तोंड लावलं नाही.

पुढे भिंत फुटली. धनेशीण पिलांसह बाहेर आली आणि मनापासून म्हणाली, "ताई, तुझं घर फार सुरक्षित गं. माझी सगळी जगली."

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरात तिसऱ्याला घेताना मालकाला तो जागा असताना विचारावं, त्याची झोप म्हणजे त्याचा होकार नव्हे.