ठिपका नसलेला नकाशा

“...पण मी आत्ता उभा कुठं आहे, एवढंच विचारतोय ना बुवा मी! त्यात अवघड काय आहे?”

सोमगिरी बुवा मठीच्या पायरीवर बसून घोंगडीला ठिगळ लावत होते. सुई वर आली, खाली गेली.

“माझ्या दारात,” बुवा म्हणाले.

“ते दिसतंय मला!”

“मग झालं की.”

अभिनंदन मगदूमच्या डोक्यात तिडीक गेली. आधीच उन्हानं तापलेला, त्यात रागानं.

इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्या मगदुमांचा हा मुलगा. रस्ता संपतो तिथून ज्यांची मजा सुरू होते, अशा जीपवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या. रविवारी दहा जीप घेऊन या सड्यावर चढायचं ठरलं होतं आणि आज हा एकटा पुढं येऊन वाट बघून जाणार होता.

सडा म्हणजे डोंगराच्या टाळूवरचं उघडंबोडकं पठार. चारी अंगाला सारखाच काळा कातळ, ना झाड ना खांब. माणूस स्वतःभोवती एक गिरकी फिरला की आपण आलो कुठून, हेच विसरतो.

अशा जागी टॅबनं दगा दिला होता.

टॅब स्वस्तातला. मित्रांनी भारी भारी यंत्रं घेतली तेव्हा यानं मिशीला पीळ देऊन सगळ्यांना ऐकवलं होतं, “पैसा कशाला जाळायचा? अक्कल असली की स्वस्तातला पुरतो.” नकाशाची तीन ॲपं त्यात घातली, घरच्या वायफायवर इचलकरंजीपासून अख्ख्या डोंगरापर्यंत सगळं उतरवून घेतलं. घरात ठिपका कसा झकास दिसायचा! हे तुमचं घर, हे तुम्ही.

पायथ्याचं गाव मागं पडलं आणि ठिपका गेला.

जाता जाता रेंज होती तेवढ्यात दुकानदाराला फोन लावला. तो गार आवाजात म्हणाला, “साहेब, त्या भावात आत उपग्रहाचं यंत्र येत नाही. घरात वायफायवर दाखवतो, रानात नाही दाखवत. तुम्ही विचारलं नव्हतं.”

विचारलं नव्हतं! 

“खिशात फोन हाय की तुझ्या,” बुवा म्हणाले. “त्यात बघ.”

“फोनमध्ये ठिपका आहे, पण नकाशा नाही. नकाशे सगळे टॅबात भरलेत. इथं रेंज नाही, म्हणून फोनवर नुसता पांढरा कागद आणि मधोमध मी. आणि टॅबात सगळा डोंगर... मी तेवढा नाही!”

बुवांची सुई थांबली.

“म्हंजे एकात तू हाईस, जग न्हाई. दुसऱ्यात जग हाय, तू न्हाईस.”

“थट्टा नका करू बुवा.”

“मी कुठं केली? तूच सांगितलंस...”

बुवांनी टॅब हातात घेतला. उन्हात त्यांना काचेवर आधी स्वतःची दाढीच दिसली. अभिनंदननं घोंगडीचं टोक ओढून वर सावली धरली. दोघांची डोकी घोंगडीखाली गेली.

“ह्यात माझी मठी?”

“नाही.”

“धनगरवाडा? खालच्या अंगाला चार घरं हाईत.”

“नाही दिसत.”

“मग हाय तरी काय?”

“वाटा आहेत. चढ आहे, उतार आहे. हे दुसरं बघा, आभाळातून काढलेला फोटो. सगळा सडा तपकिरी, आणि हा एवढाच हिरवा डाग. गवत असणार. गाड्या लावून जेवायला बरी जागा, म्हणून घरी बसून मी रेघ यावरूनच ओढली.”

बुवा हिरव्या डागाकडं बघत राहिले...

“आज गेलास तिथनं?”

“तेच तर कळत नाही! एका ठिकाणी चाकं रुतली, रेटून काढली. खाली दगड होता, काडकन वाजला. ते ठिकाण म्हणजे हाच डाग का, ते सांगा. म्हणजे मी पुढचं जुळवतो.”

बुवांनी घोंगडी बाजूला केली. 

तेवढ्यात खालून बाईचा आवाज आला.

“कुनाची रं ही गाडी? कुठं मेलाय तिचा धनी?”

धनगरवाड्यातली लगमाबाई झोरे चढ चढून येत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेवर रिकामी घागर. चाकांच्या चिखलाच्या मागावर थेट मठीपर्यंत आली होती. तिला नकाशा लागला नव्हता.

“माझी आहे मावशी. का?”

तिनं त्याला डोक्यापासून बुटापर्यंत बघितलं. “झऱ्यावर बूट घालून गेलास?”

“कसला झरा? मी गाडीत होतो.”

“गाडीत हुतो म्हनं! आरं, आमच्यात नवी नवरीबी तिथं चप्पल काढून जाती. म्हशीला लांब बांधून पानी दावतो आमी. आन् तू चार चाकं घातलीस? दगडी डोणी हुती, वाडवडलांनी बसवलेली. तिचा काठ फोडलास. साठायचं पानी समदं चिखलात चाललंय. माघ सरायचाय अजून. वळवाचा पाऊस पडंपत्तुर काय तुझ्या गाडीचं त्याल प्यावं आमी?”

एवढं ऐकून एखाद्यानं खाली मान घातली असती. पण स्वतः फसलेला माणूस दुसऱ्याचं ऐकतो कुठं? त्याला वाटतं, आज जगातला सगळा अन्याय आपल्यावरच झालाय.

“मला कसं कळणार?” अभिनंदन उसळला. “पाटी नाही, कुंपण नाही. नकाशावर कुठं झरा लिहिलेला नाही!”

“आमाला ठावं हाय झरा हाय. आमी कशाला लिवावं?”

“पण बाहेरच्या माणसानं काय करायचं?”

“बाहेरच्या मानसाला तोंड दिलं न्हाई देवानं? वाड्यावर यायचं, इचारायचं. ताक दिलं असतं घोटभर.”

“बुवा, तुम्हीच सांगा यांना! फसवणूक माझी झालीय. त्या दुकानदारानं मला डबडं विकलं. त्यात ठिपका असता तर मी तिथं गेलोच नसतो!”

“गेलाच असतास,” बुवा म्हणाले. “रेघ तूच वढलीस की.”

अभिनंदनचा आवाज चढला.

“बरं, मी पाण्याची पिंपं पाठवतो, मग तर झालं?”

“कुठं पाठवशील?” लगमाबाईनं घागर दाणकन खाली ठेवली. “तू कुठं हाईस, त्येच तुला ठावं न्हाई!”

“एक गाडी गेली तर एवढा शिमगा! रविवारी दहा येणारेत, तेव्हा काय...”

जीभ चावली त्यानं. पण शब्द सुटला तो सुटला.



“धा?” लगमाबाई म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

“कुठनं येनार?” बुवांनी विचारलं.

“...या रेघेवरूनच. मी परवाच सगळ्यांना पाठवून दिलीय.”

“त्यांच्या डबड्यात ठिपका हाय?”

“आहे. भारी यंत्रं आहेत. रेघ सोडून वीतभर इकडंतिकडं जायची नाहीत.”

बुवांनी सुई घोंगडीत खोचली आणि उठले. टॅब त्यांच्याच हातात होता. ते चालू लागले, मागोमाग घागर उचलून लगमाबाई, आणि शेवटी, आता इथं उभं राहून तरी काय करायचं म्हणून, अभिनंदन.

झरा जवळ आला. बुवांनी पायातल्या वहाणा काढल्या. बाईनं काढल्या. अभिनंदनला कुणी काही म्हणालं नाही. दोघं नुसते थांबून राहिले. शेवटी त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या.

हिरव्यागार लव्हाळ्यातून दोन चर गेले होते, चाकाएवढे रुंद. डोणीचा काठ दुभंगून आडवा झाला होता. कातळातून करंगळीएवढी धार येत होती. डोणीत ठरत नव्हती, चरात उतरून राड होत होती. बस, एवढंच पाणी. चार घरांचं, म्हशींचं, वासरांचं.

बुवा खाली वाकले. अंगठा चिखलात बुडवला आणि टॅबच्या काचेवर, हिरव्या डागावर, दाबून उठवला.

“घे. ह्यो तुझा ठिपका.”

“अहो, काय करताय! काच...”

त्यानं टॅब ओढून घेतला. घाईत बोट फिरलं, नकाशा सरकला. डाग सरकला, सडा सरकला, पायथ्याचं गाव आलं. ठिपका होता तिथंच. आता तो गावावर बसला होता. पुन्हा बोट फिरवलं. नदी आली, हमरस्ता आला, इचलकरंजी आली, माग आले, घराची गल्ली आली. जिथं जावं तिथं चिखलाचा अंगठा आधीच येऊन बसलेला.

“हे पुसायला पाहिजे,” तो पुटपुटला.

“पूस की,” लगमाबाई म्हणाली. “पानी हुडीक जा आधी.”

तो तसाच उभा राहिला. अनवाणी पायांना राड गार लागत होती. मग टॅब काखेत मारून फुटक्या धोंड्याकडं वाकला.

“हात नगं लावूस!” लगमाबाईनं हटकलं. “तुला बसवायचा न्हाई त्यो. आमची मानसं बसवतील, रातंदिस राबतील. पर बसवायचा आन् ऐतवारी तुझ्या धा जनांनी पुन्ना फोडायचा, आसलं व्हनार असंल तर आताच सांग. आमी वाडा उठवून जातो.”

अभिनंदन सरळ झाला. “येणार नाहीत ते. खाली रेंज आली की कळवतो. दरड कोसळलीय म्हणून सांगतो.”

“कुठं कोसळलीया?” बुवांनी विचारलं.

“तसं सांगायचं.”

“दरड हाय म्हटल्यावर तुझी टोळी घरी बसंल?”

 टोळी अभिनंदननंच जमवली होती. दरड आहे म्हटलं, तर दहाच्या जागी वीस येतील.

“मग... चिखल झालाय म्हणतो. फार चिखल.”

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. चिखल म्हटल्यावर तर ती पोरं रात्रीच निघाली असती. ते दोघांनाही कळत होतं.



“खरं सांगायचं तर काय सांगू, बुवा?” अभिनंदननं काखेतला टॅब काढून समोर धरला. “रेघ चुकली म्हणून सांगू? झऱ्यावरून ओढली म्हणून? घरात बसून ओढली, आणि जे यंत्र टोळीला छातीठोकपणे घ्यायला सांगत होतो, त्याला आपण कुठं आहोत हेच कळत नाही म्हणून? हसतील ती पोरं! पोट धरून हसतील. पुन्हा माझ्यामागं एक गाडी येणार नाही.”

लगमाबाईनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि बुवांकडं बघितलं.

बुवा वहाणा पायात सरकवत होते.

“हसू देत,” ते म्हणाले. “हसायला तरी गाड्या थांबवतील...”