कुंभाराचा पुरावा

“मग हा डोळा कशाचा पुरावा, बुवा?”

अच्युतबुवा पारावर चिंच सोलत बसले होते. गर परातीत, चिंचोके सुपात. हात थांबले नाहीत.

डॉक्टर त्र्यंबकराव हर्सूलकर समोर उभेच होते. बसा म्हटलं होतं, बसले नव्हते.

दुधना नदीच्या काठी बुवांचा हा लहानसा मठ. दर वर्षी उत्सवात इथं डॉक्टरांचं प्रवचन व्हायचं. जन्मभर जिल्ह्याच्या गावी लोकांचे डोळे तपासले, मोतीबिंदू काढले. हात थकल्यावर वाणी हाती घेतली. विषय ठरलेला. डोळा.

“एवढीशी बाहुली!” ते म्हणायचे. “ऊन आलं की आकसते, सावली आली की पसरते. मागे पडदा. पडद्यामागून तार थेट मेंदूला. यातलं एक काही काढा, बाकी सगळं फुकट! हे काय आपोआप जुळून आलं? मडकं दिसलं की कुंभार मानावाच लागतो!”

माणसं डोलायची.

एकदा मागून कुणीतरी विचारलं होतं, “आन् जी पोरं आंधळीच जन्मतात, त्यांचं कसं?”

डॉक्टर हसले होते. “एखादं मडकं तडकतं. म्हणून कुंभार नाही असं होतं का? तडकलेलं मडकंसुद्धा कुंभाराचंच नाव सांगतं!”

टाळ्यांनी मंडप भरून गेला होता. पुढच्या रांगेत त्यांची सून शर्वाणी बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढच्या चैत्रात शर्वाणीला मुलगी झाली.

डॉक्टरांनीच नातीच्या डोळ्यांवर उजेड धरला. बाहुली हलली नाही. त्यांनी बॅटरी बदलली. पुन्हा धरला…

खाटेवरून शर्वाणी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला कळलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, ते मडक्याचं उदाहरण होतं ना तुमचं… ते आता मला सांगा.”

त्यानंतर डॉक्टर प्रवचनाला उभे राहिले नाहीत. घरात सुनेच्या वाऱ्यालाही उभे राहीनासे झाले. आज तीच म्हणाली, पोरीला बुवांच्या पायावर घालायचंय. म्हणून यावं लागलं. ती मागं, देवळाच्या पायरीवर, लेकीला मांडीवर घेऊन बसली होती.

“बुवा, वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो,” डॉक्टर म्हणाले. “चांगला डोळा त्याची साक्ष देतो. मग न घडलेला डोळा कुणाची देतो? मी सांगत होतो ते खरं की खोटं, एवढंच सांगा. खोटं असेल तर सोडतो सगळं. माळसुद्धा.”

बुवांनी पंच्याला हात पुसले.

“पोर कशी आहे?”

“दोन्ही पडदे नीट घडलेलेच नाहीत. शस्त्रक्रिया करून उपयोग नाही. मुंबईलाही दाखवून आणलं, तिथंही…”

“डोळ्यांचं नाही विचारलं. पोर कशी आहे?”



उत्तर पायरीवरून आलं. “हट्टी आहे, बुवा. आंघोळीला घेतलं की घर डोक्यावर घेते. आणि शेजारची गाय हंबरली की खुदकन हसते.”

डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकाच घरात राहून.

“आण इकडं,” बुवा म्हणाले.

शर्वाणीनं लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बुवांनी चिंचेनं माखलेलं बोट पुन्हा एकदा पुसलं आणि तिच्या तळहाताला लावलं. पोरीनं ते गच्च धरलं. सोडीना.

डॉक्टर एकदम पुढं सरसावले. “पाहा, बुवा! ही पकड पाहा! कुणी शिकवली हिला? एवढ्याशा पंज्यात किती स्नायू, किती शिरा, आणि त्यातला एक जरी…”

आपला आवाज त्यांच्या स्वतःच्याच कानावर आला. मंडपातला तो जुना, खणखणीत आवाज.

शर्वाणीनं मान खाली घातली होती.

वाक्य तिथंच राहिलं.

बुवा उठले. त्यांनी पोर डॉक्टरांच्या हातांत दिली. आता डॉक्टरांना बसावंच लागलं.

तपासायला म्हणून त्यांनी आजवर किती लेकरांची डोकी धरली असतील! घट्ट, हलणार नाहीत अशी. पण तपासायचं काहीच नसताना मूल कसं धरायचं, हे हातांना सुचेना. पोर चुळबुळली. मग तिचा हात वर आला. आजोबांची हनुवटी, मिशा, नाक… चष्म्याच्या काचेवर अडखळला. तिनं चष्मा ओढला. तो पारावरून घरंगळत मातीत पडला.

कुणी उचलला नाही.

इवलीशी बोटं डॉक्टरांच्या मिटल्या पापणीवर येऊन थांबली. पापणी थरथरली. बोटंही थरथरली, पण तिथून निघाली नाहीत. ओली झाली तरी निघाली नाहीत.

शर्वाणी पाहत होती.



“पण बुवा,” शेवटी डॉक्टर म्हणाले. “हे मडकं… हे तडकलेलं…”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, डॉक्टर. ती ऐकते आहे.”