पारव्याची मान

एका नदीकाठी, गावापासून थोडे दूर, एक वृद्ध वस्ताद घोडे शिकवीत असत. घोडे शिकवणे म्हणजे नवख्या घोड्याला पाठीवर माणूस घेण्याची सवय लावणे, त्याची चाल घडवणे आणि मुख्य म्हणजे त्याच्या मनातली भीती काढणे. जुन्या काळी अशा माणसाला चाबुकस्वार म्हणत. पण या वस्तादांच्या हातात चाबूक कोणी पाहिलेला नव्हता. त्यांच्यापाशी निळकंठ नावाचा एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू, घोड्यांवर खरा जीव असलेला. त्याच्यात उणे काही असेल तर एवढेच, की झालेले काम त्याला दिसायला हवे असे. होत असलेले काम त्याच्या डोळ्यांत भरत नसे.

एकदा एक व्यापारी आपल्या मुलीला घेऊन तिथे आला. मुलीचे नाव केतकी. लहानपणीच्या एका तापाने तिचा उजवा पाय अधू झाला होता आणि ती काठी टेकत चाले. घोड्यावर बसले की काठी लागत नाही, हे तिला कधीतरी एका जत्रेत कळले होते आणि तेव्हापासून तिने वडिलांच्या मागे घोड्याचा लकडा लावला होता. व्यापाऱ्याने घोडा शांत हवा, आणि दिसायलाही ऐटदार हवा, असे सांगितले. वस्तादांच्या पागेतला पारवा हा करड्या रंगाचा तरुण घोडा केतकीला पाहताक्षणी आवडला. घोडा मनाचा चांगला आहे, पण अजून कच्चा आहे, पावसाळा आणि हिवाळा जाऊ द्या, असे वस्ताद म्हणाले. व्यापारी जरा नाखुशीनेच कबूल झाला.

त्याच संध्याकाळी वस्तादांनी पारव्याचा लगाम निळकंठाच्या हाती दिला. या घोड्याला तूच तयार करायचे, मी मध्ये पडणार नाही, असे त्यांनी सांगितले. निळकंठाचा स्वतःचा म्हणावा असा हा पहिला घोडा.

पारव्याला एक खोड होती. पाठीवर माणूस बसला की तो मान उंच करी, नाक आभाळाकडे नेई आणि पाठ खाली टाकी. अशा घोड्याला पुढची जमीन नीट दिसत नाही आणि वरच्या माणसाला लगामाने त्याच्या तोंडावर ताबा ठेवता येत नाही. वस्तादांचा उपाय सर्वांना ठाऊक होता. घोड्याला चढ-उतारावर चालवायचे, जमिनीवर ओंडके टाकून त्यांवरून सावकाश न्यायचे, लगाम हलक्या हाताने धरायचा. पाठीत बळ आले की मान आपसूक खाली येते. निळकंठाने हे सारे मनापासून केले. पण आज जरा खाली आलेली मान उद्या पुन्हा वर गेलेली असे, आणि त्याचा जीव कासावीस होई.

अशातच तो दाणावैरणीसाठी घोड्यांच्या बाजारात गेला. तिथे एका दुकानात त्याला रबरी पट्टे दिसले. घोड्याच्या पोटाखालच्या तंगाला बांधायचे, पुढच्या पायांमधून काढून तोंडातल्या लोखंडी कडियाळाच्या कड्यांत ओवायचे आणि वर कानांमागे नेऊन अडकवायचे. मान वर गेली की पट्टा ताणला जातो आणि तिला खाली ओढतो. निळकंठाने विचारले, याने तोंड दुखत नाही का? दुकानदाराने पट्टा हातात घेऊन ताणून दाखवला. चामडे हिसका देते, हा तर घोड्याबरोबर लांबतो, याहून मऊ काय असणार, असे तो म्हणाला. निळकंठाला ते पटले. खरे सांगायचे तर, ते पटावे अशी त्याची इच्छाच होती.

पट्टे चढवले आणि पारव्याचे रूप पालटले. चित्रातल्या घोड्यासारखी मानेची कमान झाली, नाक छातीकडे वळले, दुडकी चाल डौलदार दिसू लागली. येणारेजाणारे कुंपणापाशी थांबून पाहू लागले. पहिल्या दिवशी निळकंठाने वस्ताद गावात गेल्यावर पट्टे लावले होते. मग एकदा वस्ताद अचानक परतले. ते बराच वेळ उभे राहून पाहत राहिले, काहीही न बोलता आत निघून गेले. निळकंठाने त्या मौनाला संमती मानले. पुढे पट्टे खोगिराबरोबरच खुंटीवरून उतरू लागले आणि ओंडक्यांवर गवत वाढले.

हिवाळा सरताना व्यापारी केतकीला घेऊन आला. बरोबर घरची आणखी चार माणसे होती. निळकंठाने पारव्याला खरारा करून चकचकीत केले होते. त्याने मैदानात घोडा फिरवून दाखवला आणि व्यापारी भारावून गेला. असा घोडा आपल्या पेठेत कोणाच्या दारात नसेल, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. निळकंठ खाली उतरला, पारव्याला केतकीपुढे घेऊन आला आणि तिची काठी धरण्यासाठी त्याने हात पुढे केला.

तेव्हा वस्ताद ओट्यावरून उठले. त्यांनी केतकीला प्रेमाने विचारले, की घोडा घेऊन कुठे कुठे जायचा विचार आहे? ती लाजली. मग म्हणाली, की घरामागे उतारावर एक ओढा आहे, तिथवर एकटीने जायचे आहे. आपण पाठीवर बसून राहायचे आणि घोड्याने खाली मान घालून पाणी प्यायचे, असे तिने मनात कितीदा तरी पाहिले होते.

वस्तादांनी मान डोलावली. ते घोड्यापाशी आले, एकेक बक्कल सोडून त्यांनी दोन्ही पट्टे काढले आणि निळकंठाच्या खांद्यावर टाकले. त्यानंतर त्यांनी डावा पाय रिकिबीत घातला.

सारे चकित झाले. वस्तादांचे गुडघे केव्हाच गेले होते. गेल्या कित्येक वर्षांत ते खोगिरावर बसले नव्हते. निळकंठ धावत पुढे गेला आणि त्याच्या तोंडून शब्द निघाले,

"वस्ताद, पट्ट्यांशिवाय नको."

वस्तादांनी वळून त्याच्याकडे पाहिले. "का?"

 आपण आत्ता काय बोललो ते निळकंठाने जणू दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले होते. पट्टे चढवल्यापासून आजपर्यंत आपण या घोड्यावर त्यांच्याशिवाय एकदाही बसलेलो नाही, ही गोष्ट त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. तोवर वस्ताद वर चढले होते आणि पारवा नदीकडच्या उताराला लागला होता.

पहिली काही पावले घोडा बिचकत चालला. डोके टेकायला जी ओढ असायची ती त्याला सापडत नव्हती. त्याने नाक पुढे काढून ती शोधली, मग एकदम मान वर उडवली. डोक्याचा तडाखा वस्तादांच्या तोंडावर बसला. वस्तादांनी लगाम ढिला सोडला, ते घोड्याशी हळू बोलले. पण पारव्याला आता उतार दिसतच नव्हता. नाक आभाळात, पाठ खाली गेलेली, पुढचे पाय आंधळ्यासारखे पडत होते. एक पाय दगडावर घसरला. दोन्ही गुडघे जमिनीवर आपटले आणि वस्ताद त्याच्या खांद्यावरून पुढे फेकले गेले.

 धुळीत पडलेल्या त्या वृद्ध देहाकडे माणसे नुसती पाहत उभी राहिली. सर्वांत आधी केतकी भानावर आली. पण उतारावरून धावणे तिला शक्य नव्हते. ती काठीवर दोन्ही हात घट्ट धरून उभी होती आणि अगदी हळू, कोणालाही उद्देशून नव्हे, असे म्हणाली, "त्यांच्या जागी मी असते."

ते ऐकले आणि निळकंठाचे पाय हलले.

वस्ताद शुद्धीवर होते. ओठ फुटला होता, एक हात छातीशी धरला होता. त्यांनी उठवू दिले नाही. डोळ्यांनीच त्यांनी घोड्याकडे जायची खूण केली. निळकंठ वळला, आणि जे दिसले ते पाहून तो वस्तादांच्या पडण्यानेही हादरला नव्हता इतका हादरला.

पारवा उठून उभा राहिला होता. गुडघ्यांतून रक्त वाहत होते, सर्वांग थरथरत होते. अंगावर पट्टा नव्हता, कोणी त्याला धरले नव्हते, चहूकडे मोकळे रान होते. आणि तरी निळकंठ येताना दिसताच त्याने आपली मान वाकवून छातीशी नेली. तीच ती कमान, जी पाहायला लोक कुंपणापाशी थांबत. ओढ येईल म्हणून तो आधीच वाकून उभा होता.

निळकंठाने त्याचा ओठ उचलला. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने, कडक झालेले वळ होते. रोज याच हातांनी त्याने कडियाळ चढवले होते.

डॉक्टर आले. वस्तादांचे गळ्याजवळचे हासळीचे हाड मोडले होते. हात गळ्यात बांधून त्यांनी वस्तादांना निजवले. व्यापारी रागाने लाल झाला होता. म्हाताऱ्याने चांगला घोडा मुद्दाम बिघडवून दाखवला, असे तो सर्वांदेखत बोलला. निळकंठ त्याच्यासमोर गेला. घोडा आज बिघडला नाही, तो तयारच नव्हता, आणि तयार दिसावा अशी व्यवस्था मी केली होती, हे त्याने स्पष्ट सांगितले. व्यापारी केतकीला घेऊन गाडीत जाऊन बसला.

पारव्याचे गुडघे धुऊन, मलमपट्टी करून निळकंठ वस्तादांच्या खाटेपाशी आला.  त्याने विचारले, "तो पट्टा मऊ होता, वस्ताद. घोड्याबरोबर ताणत होता. मग असं कसं झालं?"

वस्ताद सावकाश बोलले, कारण ओठ सुजला होता.

"साध्या लगामाच्या दुसऱ्या टोकाला माणसाचा हात असतो. तो हात चुकतो, दमतो, पण त्याला कळतं. घोड्यानं जरा ऐकलं की तो ढिला पडतो. घोडा ओढीनं शिकत नाही रे, त्या ढिलं पडण्यानं शिकतो. तेवढ्यात त्याला समजतं, की हे माझं बरोबर आलं. तुझ्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नुसतं बक्कल. तो ताणत होता म्हणून तुला दयाळू वाटला. पण त्यानं कधी सोडलं का? मान वर नेली तरी ओढ, खाली आणली तरी थोडी ओढ आहेच. मग बरोबर काय ते त्या मुक्या जनावराला कळावं कसं? तो मान सांभाळायला शिकला नाही, ओढीवर टेकायला शिकला. टेकू काढला आणि पडला."

"म्हणजे पट्टा वाईटच?"

"जाणता माणूसही कधीमधी लावतो. पण तो लावतानाच काढायचा कधी ते ठरवून लावतो. आणि काढून बघतो. तू काढूनच बघितला नाहीस."

निळकंठाच्या मनात जे सलत होते ते आता बाहेर आले. "मग तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हाच मला का अडवलं नाहीत?"

वस्ताद म्हणाले, "अडवलं असतं तर तू लगेच काढले असतेस. माझ्या धाकानं. मी असेपर्यंत. मला वाटलं, सोपवण्याआधी एकदा तरी तू ते काढून बसशील आणि तुझं तुलाच दिसेल. तू काठी धरायला हात पुढे केलास तोवर मी वाटच पाहत होतो." पुढे ते म्हणाले, "तो मान उडवील हे मला माहीत होतं. पडेल असं वाटलं नव्हतं. वाट पाहण्यात माझाही अंदाज चुकला, आणि ते त्याच्या गुडघ्यांना भोगावं लागलं."

निळकंठाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले नाही. तेवढे धैर्य त्याच्यात उरले नव्हते. तो उठला आणि पागेत जाऊन पारव्याशेजारी उभा राहिला.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. गुडघे भरून आले तरी निळकंठाने खोगीर चढवले नाही. तो पारव्याला नुसते बरोबर घेऊन चालत असे, दोरी सैल सोडून. पण तो जवळ आला की घोडा मान वाकवी. रोज वाकवी. ते पाहणे हीच निळकंठाची शिक्षा होती आणि ती त्याने मुकाट्याने भोगली. पुढे केव्हातरी ओंडक्यांमधून चालताना पारव्याने मान लांब केली, जमिनीच्या दिशेने सैल सोडली आणि नाकपुड्यांतून मोठा श्वास फुरफुरत बाहेर टाकला. निळकंठ आहे तिथे थांबला आणि त्याने दोरी हातातून तेवढीच सरकू दिली.

व्यापारी परत आला तो वर्ष उलटल्यावर, आणि तोही स्वतःहून नव्हे. इतर ठिकाणचे घोडे केतकीने नाकारले होते. जिथे घोडा तयार नाही असे तोंडावर सांगतात, तिथेच मला बसायचे आहे, असे तिने वडिलांना बजावले होते.

केतकी पारव्यावर बसली. निळकंठाने लांब दोरी घोड्याच्या मुखपट्ट्याला लावली आणि मैदानाच्या मध्यभागी उभा राहून तो त्यांना आपल्याभोवती फिरवू लागला. मान आता उंचही नव्हती आणि चित्रातल्यासारखीही नव्हती; चालणाऱ्या घोड्याची असते तशी होती. काही फेऱ्या झाल्यावर केतकी म्हणाली, "दादा, दोरी काढा ना आता."

 निळकंठाने ओट्याकडे पाहिले. वस्ताद एका हाताने घोंगडी झटकत होते. त्यांनी ऐकले होते, पण वर पाहिले नाही.

त्याने जवळ जाऊन दोरी सोडली. पारवा क्षणभर थांबला, मग केतकीला घेऊन त्याच गतीने पुढे चालू लागला. मैदानाच्या मधोमध रिकामी दोरी हातात घेऊन उभे राहताना निळकंठाला कळले, की गेल्या वर्षी गुरूंनी तोंड मिटून जे केले, ते किती अवघड होते.

आपल्या हाताखाली जे कोणी शिकत असेल, ते बरोबर वागले की आपली पकड ढिली होते का, एवढे प्रत्येकाने स्वतःशी पाहावे.