वेणातटचा कोषपाल

फार पूर्वी वेणा नदीच्या काठी वेणातट नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या वेळी बोधिसत्त्व त्याच नगरात, चांदी पारखणाऱ्या एका घराण्यात जन्मला होता. सोमिल असे त्याचे नाव होते.

राजा आणि सोमिल लहानपणी एकाच आचार्यांजवळ शिकले. वेणेच्या डोहात ते बरोबर पोहत आणि ओल्या अंगाने टांकसाळीच्या भिंतीला टेकून ऊन खात बसत. आत हातोड्यांचा ठेका चाललेला असे. तेव्हा भद्रसेनाचे वडील गादीवर होते. त्या दिवसांबद्दल म्हातारी माणसे पुढे कितीतरी वर्षे बोलत असत. वेणातटचे चांदीचे नाणे दूरच्या बंदरातले नावाडीसुद्धा न घासता, न वाजवता कमरेला खोचत. लेकीला सासरी धाडताना आई तिच्या पदराला चार नाणी बांधी आणि निर्धास्त होई. लेक म्हातारी होईल तेव्हाही त्या नाण्यांना तेवढेच धान्य मिळेल, याची तिला खात्री असे.

हे आपोआप घडले नव्हते. थोरल्या राजाने नगराची राखीव चांदी एका दगडी कोषात ठेवली होती आणि टांकसाळही त्या कोषाच्या स्वाधीन केली होती. तिथला कोषपाल राजाचा नोकर नव्हता आणि व्यापाऱ्यांचाही नव्हता. नाणी किती पाडायची ते तोच ठरवी. मात्र दर आश्विनात चौकात उभे राहून चांदी किती आली आणि किती गेली, हे त्याला सर्वांसमोर सांगावे लागे. त्याला दूर करायचे तर राजा आणि नगरशेठ या दोघांचे एकमत लागे. थोरला राजा म्हणत असे, "माझे मन ठिकाणावर आहे तोवर या नियमाचे काही काम नाही. मला मोह होईल त्या दिवसासाठी तो करून ठेवला आहे."

पुढे थोरला राजा वारला. भद्रसेन गादीवर बसला आणि काही वर्षांनी बोधिसत्त्व कोषपाल झाला.

भद्रसेन मनाने प्रेमळ होता. पण लोक अजूनही आपल्या वडिलांच्याच आठवणी काढतात, हे त्याच्या कानांवर येई आणि त्याला आत कुठेतरी लागे. एकदा त्याने ठरवले, की वडिलांच्या स्मरणार्थ नगरातल्या प्रत्येक घरी ओंजळभर नाणी वाटायची. त्याने बोधिसत्त्वाला बोलावून आपला बेत सांगितला.

"तेवढी चांदी कोषात नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला.

"तांबे आहे की. निम्मे मिसळ. दिसायला तर पांढरीच दिसतील."

"काही दिवस दिसतील. पण नाणी दुप्पट झाली म्हणून मागावरचे कापड वाढत नाही, शेतातले धान्य वाढत नाही. मग त्याच कापडाला दुप्पट नाणी पडतील. ज्याच्या ओंजळीत आज आपण घालू, त्यानेच जन्मभर साठवलेल्यातले निम्मे काढून घेतल्यासारखे होईल. तेही त्याला न विचारता."

राजाने मान खाली घालून म्हटले, "सोमिल, बाबांच्या वेळी लोक वाड्याच्या दारातून हसत परत जायचे. मला ते एकदा बघायचे आहे. एवढेच मागतो आहे."

बोधिसत्त्वाला मित्राचे मन कळत होते. त्यालाही ते दिवस आठवत होते. तरी तो म्हणाला, "महाराज, आपल्याला कुणीतरी नाही म्हणावे, म्हणूनच थोरल्या महाराजांनी ही जागा केली. आज मी हो म्हटले, तर ही जागाच उरणार नाही."

राजा रागावला. त्याने नगरशेठ धनमित्राला विचारले. धनमित्राने मनात हिशेब केला. भाव चढण्याआधी कोठारे भरून ठेवली तर पुढे मोठा नफा होता. त्याने मान डोलावली. दोघांचे एकमत झाले, तेव्हा नियमाप्रमाणे बोधिसत्त्व पदावरून दूर झाला. त्याने चौकात शेवटचा हिशेब सांगितला, किल्ल्या राजापुढे ठेवल्या आणि नदीपलीकडच्या वस्तीत जाऊन भाजीचा मळा केला. धनमित्राचा भाचा कोषपाल झाला.

नाणी वाटली गेली. लोक खरोखरच हसत परत गेले. राजा सज्जात उभा राहून पाहत होता, आणि त्या संध्याकाळी तो फार सुखी होता.

पावसाळ्यात नाणी काळवंडली. तेलाचा भाव चढला, मग मिठाचा, मग सगळ्याचाच. सैनिकांचे वेतन पुरेना, म्हणून राजाने आणखी काळी नाणी पाडली आणि भाव आणखी चढले. जुनी पांढरी नाणी लोकांनी जमिनीत पुरली. नावाडी नाणे दगडावर घासू लागले आणि पुढे वेणातटचे नाणे बघूनच मान फिरवू लागले.

अशातच एक बोलवा उठली. नगरातल्या बहुतेक घरांची ठेव धनमित्राच्या पेढीत असे. त्या ठेवीचे त्याने कापड आणि धान्य घेऊन टाकले आहे, पेढीत चांदी नाही, असे कुणीतरी म्हणाले. ते खरे होते. सकाळ होताच पेढीसमोर गर्दी लोटली. धनमित्राने भाच्याकडे कोषातली चांदी मागितली. पण भाचा भेदरला होता. आपल्यावर आळ नको, म्हणून तो कोषाचे दार आतून लावून बसला. हे पाहून इतर पेढ्याही बंद झाल्या. माल असून दुकाने उघडेनात. हातोडे थांबले. राजा सज्जात आला तेव्हा बाजारातून कसलाच आवाज येत नव्हता. त्याला भीती वाटली. तो कुणालाही न सांगता नावेत बसून नदीपलीकडे गेला.

बोधिसत्त्व वेलाला मांडव घालत होता. राजा बांधावर बसला. बोधिसत्त्वाने त्याला पाणी दिले.

"मला बाबांच्या वेळचे नगर परत हवे होते रे," राजा म्हणाला.

"मलाही हवे होते," बोधिसत्त्व म्हणाला. मग त्याने हात धुतले आणि तो नावेकडे निघाला. एका शब्दानेही त्याने मित्राला दोष दिला नाही.

चौकात मंत्री जमले होते. राजाने कोषाचा निर्णय बोधिसत्त्वावर सोपवला आणि त्याने पेढीला चांदी द्यायचे ठरवले. एक मंत्री म्हणाला, "कोषातली चांदी धनमित्राला देता? ज्याने तुम्हाला घालवले त्याला? बुडू दे त्याला."

"तो बुडाला तर त्याच्या ओसरीवर उभी असलेली माणसे आधी बुडतील," बोधिसत्त्व म्हणाला. "त्याच्या कोठारात माल आहे, चांदी नाही. आपल्याजवळ चांदी आहे. माल गहाण ठेवून घेऊ, व्याज जबर लावू, आणि चांदी देऊ. अशा दिवसासाठीच ती राखली आहे."

त्याने कोषाचे दार उघडायला लावले. चांदीच्या गोण्या भर दुपारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत पेढीवर आल्या. धनमित्र खांबाला धरून उभा होता. त्याला वर बघवत नव्हते. बोधिसत्त्वाने त्याच्या शेजारी बैठक मारली आणि लोकांना सांगितले, "ज्याला ठेव हवी त्याने न्यावी. घाई नको. सगळ्यांना पुरेल."

पहिली आली ती चंपा नावाची कुंभारीण. नवरा गेल्यापासून तिने सगळे इथेच ठेवले होते. तिने पांढरी नाणी पदरात घेतली, एकेक चाचपले. मग गोण्यांकडे पाहिले, बोधिसत्त्वाकडे पाहिले.

"उद्या आले तर उद्या पण मिळतील?" तिने विचारले.

"मिळतील, माय."

"मग असू द्या इथंच. माझ्या घराला धड कडी नाही."

मागचे लोक हसले. काहींनी नाणी घेतली, काही नुसतेच बघून परत गेले. ऊन उतरेपर्यंत ओसरी रिकामी झाली होती.

पण काळ्या नाण्यांचे काम राहिले होते. ती परत घेऊन बदल्यात खरी नाणी द्यायला कोष अपुरा होता. राजाने आपली रुप्याची भांडी दिली, पलंग दिला, आणि शेवटी वडिलांचे रुपेरी छत्र टांकसाळीत आणवले. लहानपणी त्या छत्राच्या सावलीत तो वडिलांच्या मांडीवर बसत असे. बोधिसत्त्वाने ते हातात घेतले आणि क्षणभर तो भट्टीपाशी थांबला.

"हे ठेवू या का?" त्याने हळूच विचारले.

"नको. बाबा असते तर त्यांनीही दिले असते," राजा म्हणाला. छत्र वितळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

बोधिसत्त्व पुन्हा कोषपाल झाला. कोषपालाला काढायचे तर त्याची कारणे आधी चौकात सांगावी लागतील, असा नवा नियम राजाने स्वतःहून केला. भाव हळूहळू उतरले. दूरचे नावाडी मात्र नाणे घासूनच घेत राहिले. गेलेला विश्वास त्या दोघांच्या हयातीत पुरता परत आला नाही.

म्हातारपणी दोघे कधीकधी घाटावर बसत. एकदा राजा म्हणाला, "बाबांच्या वेळेसारखे काही झाले नाही, सोमिल."

डोहात पोरे उड्या मारीत होती. बोधिसत्त्व त्यांच्याकडे बघत म्हणाला, "नाही झाले. पण ही पोरे म्हातारी होतील तेव्हा आपल्या याच दिवसांची आठवण काढतील."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा कप्पट नावाच्या वृद्ध भिक्षूसाठी सांगितली. तो आपल्या गावाचे जुने दिवस सांगत बसला होता आणि वल्लिक नावाचा तरुण भिक्षू त्याची थट्टा करीत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन राजा म्हणजे हा कप्पट. त्या जन्मीही त्याला गेलेल्या दिवसांची ओढ होती. धनमित्र होता तो हा वल्लिक. चंपा कुंभारीण आज आपल्याला भिक्षा घालणारी उपासिका सुजया आहे. आणि सोमिल कोषपाल मीच होतो. मित्राने विनवले तरी ढळायचे नाही आणि शत्रू संकटात सापडला तरी ढळायचे नाही, या निश्चयाला अधिष्ठान म्हणतात. त्या जन्मी मी अधिष्ठान पारमिता पाळली."

वल्लिक उठला आणि कप्पटाजवळ जाऊन बसला. "भंते," तो म्हणाला, "तुमच्या गावचे पुढे सांगा."