वीस घोंगड्या आणि तळहातावरचा नियम

माणदेशातल्या एका गावात म्हाळाप्पा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. तो भोळा आहे, हे गावाला ठाऊक होते. त्याला स्वतःला ते कोणी सांगितले नव्हते.

त्याची बायको कस्तुरा घोंगड्या विणत असे. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत एक खड्डा होता. त्या खड्ड्यात पाय सोडून ती बसे आणि समोरच्या मागावर लोकर विणी. माग तिच्या सासऱ्यांचा. विणणे हे कस्तुराचे काम होते. विकणे हे म्हाळाप्पाचे. त्यामुळे घरात वीस घोंगड्या शिल्लक होत्या.

म्हाळाप्पाचा थोरला भाऊ सिदाप्पा व्यवहारी होता. तो म्हणाला, "कस्तुरा, दसऱ्यापर्यंत या वीस घोंगड्या गेल्या तर माग राहील. नाही गेल्या तर खड्डा बुजवायचा आणि इथं पिठाची गिरणी टाकायची. जागा निम्मी माझी आहे."

"भावजी, हा माग गेला तर मी करायचं काय?"

"गिरणीत पीठ चाळायचं," सिदाप्पा म्हणाला.

कस्तुराने नवऱ्याकडे पाहिले. "अहो, ऐकलं ना?"

"ऐकलं," म्हाळाप्पा म्हणाला. "पीठ चाळायचं."

"घोंगड्या विकायच्या!"

तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानाच्या माडीवर उद्धवराव नावाचे गृहस्थ इंटरनेटवर धंदा कसा वाढवावा हे शिकवत. स्वतः त्यांनी शिकवण्याखेरीज कोणताही धंदा वाढवला नव्हता. मात्र त्यांच्याकडे नियम पुष्कळ होते. कस्तुराने म्हाळाप्पाला त्यांच्याकडे पाठवले.

उद्धवरावांनी घोंगड्यांचे फोटो फोनवर सगळीकडे टाकून दिले आणि पहिला नियम सांगितला. "वस्तू विकू नका. गोष्ट विका."

म्हाळाप्पाने तो नियम बॉलपेनने तळहातावर लिहिला. कागद हरवतो. हात हरवत नाही.

चौथ्या दिवशी फोटो पाहून पुण्याहून एक बाई आल्या. म्हाळाप्पाने त्यांना पाटावर बसवले, तळहात पाहिला आणि सुरुवात केली. "ही लोकर चंदरी नावाच्या मेंढीची. चंदरीची आई लंगडी होती." गोष्ट दोन तास चालली. चंदरी ओढ्यात वाहून जाता जाता वाचली, तेव्हा बाईंनी डोळे पुसले.

"फार छान," त्या म्हणाल्या. "ही घोंगडी द्या मला."

"घोंगडी विकत नाही," म्हाळाप्पा म्हणाला.

"मग काय विकता?"

"गोष्ट."

"ती तर मी ऐकली."

"हो. म्हणजे ती संपली," म्हाळाप्पा म्हणाला आणि त्याने बाईंना गाडीपर्यंत पोचवले.

संध्याकाळी सिदाप्पा टेप घेऊन आला. त्याने खड्ड्याची लांबी मोजली आणि निघून गेला.

म्हाळाप्पा उद्धवरावांकडे गेला. उद्धवरावांनी सगळे ऐकले. "नियम बरोबर होता," ते म्हणाले. "तुम्ही वेळ चुकवली. गिऱ्हाईक घ्यायला तयार झालं की त्याला घाई लावायची. सांगायचं, शेवटचे दोनच नग शिल्लक आहेत."

"सर, हे आधी सांगितलं असतं तर?"

"हा दुसऱ्या दिवसाचा धडा आहे."

म्हाळाप्पाने हात धुतला आणि नवा नियम लिहिला.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरहून गड चढणाऱ्या मंडळींचा एक म्होरक्या आला. त्याने घोंगडी उलटसुलट करून पाहिली. "झकास! अकरा द्या."

"शेवटच्या दोनच शिल्लक आहेत," म्हाळाप्पा म्हणाला.

"अहो, मागं ढीग दिसतोय की."

"ढीग आहे. शिल्लक दोनच आहेत."

"मग तो ढीग कुणाचा?"

"आमचाच."

"दोघांनी पांघरायचं आणि नऊ जणांनी त्यांच्याकडं बघत बसायचं का?" म्होरक्या वैतागला. म्हाळाप्पाने विचार केला. या प्रश्नाचे उत्तर हातावर नव्हते. म्होरक्या गेला.

सिदाप्पा आला. त्याने खड्ड्याची रुंदी मोजली.

"अकरा मागत होता तो!" कस्तुरा म्हणाली. "अकरा! आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"मी नाही म्हणालो नाही. मी दोन म्हणालो."

उद्धवरावांनी कपाळाला हात लावला. "नियम बरोबर होता. तुम्ही माणूस चुकवलात. मागणारा दारात आला की नकार द्यायचा नाही. तो जे विचारील त्याला 'हो, आहे' म्हणायचं. हसून."

म्हाळाप्पाने हात धुतला आणि नवा नियम लिहिला. हसण्यासाठी त्याने बाजूला एक चेहरा काढला.

दोन दिवसांनी नाशिकहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांची कंबर दुखत होती. घोंगडीवर झोपल्याने बरे वाटते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

"नमस्कार. घोंगडी आहे का?"

"हो, आहे," म्हाळाप्पा हसून म्हणाला. कस्तुरा शेजारीच लोकर पिंजत होती. तिच्या जिवात जीव आला.

"अंगाला टोचते का हो?"

"हो."

"असं? बरं, वास वगैरे येतो का?"

"हो, आहे."

"मेंढीचा?"

"हो."

"धुतल्यावर आटते?"

"हो."

"कसर, कीड लागते?"

"हो, आहे." आता म्हाळाप्पा मनापासून हसत होता. इतके सुरळीत बोलणे त्याचे कोणाशी झाले नव्हते.

"म्हणजे मी घेऊ नये, असंच ना?"

"हो."

"आजकाल असा प्रामाणिक माणूस मिळत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

सिदाप्पाने खड्ड्याची खोली मोजली. आता त्याच्याकडे सगळी मापे होती.

दसरा तेरा दिवसांवर आला होता. कस्तुरा त्या रात्री जेवली नाही. "मला दुसरं काही येत नाही हो," ती म्हणाली. "मामंजींनी हात धरून शिकवलं, तेवढंच येतं." म्हाळाप्पालाही वाईट वाटले. सकाळी पहिल्या एसटीने तो तालुक्याला गेला.

उद्धवराव या वेळी उभे राहून बोलले. "नियम बरोबर होता. तुम्ही प्रश्न चुकवलात. असो. आता धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. एकदा ज्यानं आपली वस्तू पाहिली, त्याला सोडायचं नाही. तो जाईल तिथं त्याला ती वस्तू दिसली पाहिजे. बातम्या बघतोय, दिसली पाहिजे. गाणं ऐकतोय, दिसली पाहिजे. शेवटी तो कंटाळून घेतो."

ही कामे फोन आपोआप करतो आणि त्यासाठी फोनला पैसे भरावे लागतात, हे उद्धवराव सांगणार होते. पण म्हाळाप्पाने हात धुतला, नियम लिहिला आणि एसटी गाठली.

घरी परतला तेव्हा गावचे ग्रामसेवक जगताप दारावरून चालले होते. त्यांनी ओसरीवरच्या घोंगडीकडे एकदा पाहिले. डोळ्यात धूळ गेली म्हणून त्यांनी मान वळवली होती. म्हाळाप्पाला तेवढे पुरे होते.

दुसऱ्या दिवशी जगतापसाहेब दाढीला बसले. आरशात त्यांच्या खांद्यामागे घोंगडी दिसली. ते बँकेच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढच्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी होती. तो माणूस वळला. तो म्हाळाप्पा होता. कार्यालयात त्यांनी खिडकी उघडली. खिडकीला घोंगडी टांगलेली होती.

"म्हाळाप्पा, काय पाहिजे तुला?"

"काही नाही साहेब. तुम्ही आपलं काम करा. मी दाखवतोय."

"अरे, मला नको आहे ती!"

"अजून कंटाळला नाहीत तुम्ही," म्हाळाप्पा समजुतीने म्हणाला.

जगतापसाहेबांच्या मुलीचे रजिस्टर लग्न झाले होते आणि दसऱ्याआधीच्या रविवारी घरच्या अंगणात विधी होता. साहेब मांडवात उभे होते, म्हणजे घोंगडी मांडवात दिसणे क्रमप्राप्त होते. मंगलाष्टके संपली. भटजींनी अंतरपाट दूर केला. नवरीने हार उचलला आणि लाजत मान वर केली. समोर घोंगडी होती. तिच्यामागे कुठेतरी नवरदेव होता.

नवरीला हसू आवरेना. जगतापसाहेबांना राग आवरेना. "अरे, मी मेल्यावर चितेपाशीसुद्धा येशील का ही घेऊन?"

"तारीख कळवा साहेब," म्हाळाप्पा म्हणाला.

त्याला मांडवातून उचलून बाहेर ठेवण्यात आले. घोंगडी आधी, तो नंतर.

संध्याकाळी सिदाप्पाने दारात ट्रॉलीभर मुरूम आणून टाकला. "परवा दसरा," एवढेच तो म्हणाला.

म्हाळाप्पा शेवटच्या वेळी उद्धवरावांकडे गेला. उद्धवराव जिन्यातच भेटले. त्यांनी त्याला वर येऊ दिले नाही.

"कुणाच्या मागं लागू नका," ते हात जोडून म्हणाले. "कृपा करून लागू नका. जो आपल्या पायानं येईल, त्याला खूश करून पाठवा. घुटमळला, तर जाताना वर एखादी वस्तू मोफत द्या. बाहेरून विकत आणायची नाही. घरातलीच द्यायची. त्याच्या नजरेत भरली असेल ती. माणूस जन्मभर आपलं नाव काढतो."

टायरवाल्याच्या नळावर म्हाळाप्पाने हात धुतला. हात लहान आणि नियम मोठा. 'घुटमळला तर' हे शब्द मावले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कस्तुरा लोकर आणायला मेंढपाळांच्या तळावर गेली होती. दुपारी दारात एक छोटा टेम्पो थांबला. महाबळेश्वरकडे हॉटेल चालवणाऱ्या वैजयंतीबाई उतरल्या. त्यांनी फोनवर फोटो पाहिले होते. त्यांनी एकेक घोंगडी उलगडली, उजेडात धरली, गालाला लावून पाहिली.

"विसाच्या वीस घेते," त्या म्हणाल्या. फोटोखाली जो भाव लिहिला होता, तो त्यांनी तिथल्या तिथे दिला. विसाच्या वीस घोंगड्या टेम्पोत चढल्या. म्हाळाप्पा एक शब्दही चुकीचा बोलला नव्हता. तो मुळी बोललाच नव्हता.

निघताना बाईंची नजर पुढच्या खोलीकडे गेली. "अगंबाई! याच मागावर विणता? काय सुंदर आहे हो!"

म्हाळाप्पाने तळहात पाहिला.

"न्या," तो म्हणाला.

"काय?"

"माग. न्या. मोफत."

"अहो, भलतंच काय! मी सगळ्या घोंगड्या घेतल्यात. मला काहीएक नको."

"बाई, नजरेत भरला ना?"

"भरला, पण म्हणून..."

"घरातलाच आहे ना? बाहेरून आणलेला नाही ना?"

"पण तुम्हाला लागणार नाही का तो?"

"लागला असता तर सरांनी सांगितलं असतं," म्हाळाप्पा म्हणाला. त्याने स्वतः दोऱ्या सोडल्या, खुंट उपटले, फणी आणि धोटा फडक्यात बांधून दिले. बाई शेवटपर्यंत नको नको म्हणत होत्या. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवले पाहिजे.

दिवेलागणीला कस्तुरा परतली. डोक्यावर लोकरीचे गाठोडे होते. ओसरी रिकामी पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"अहो, घोंगड्या?"

"विकल्या. वीस."

"खरं सांगा."

म्हाळाप्पाने पैसे पुढे धरले. कस्तुराने गाठोडे खाली टाकले आणि पदराने तोंड झाकून ती हसली, मग रडली. तिने तशीच सिदाप्पाला हाक मारली. सिदाप्पा आला. त्याने ओसरी पाहिली, पैसे पाहिले, भावाकडे नव्याने पाहिले. तो शब्दाचा पक्का होता. "जिंकलात. खड्डा राहील," तो म्हणाला आणि ट्रॉलीवाल्याला मुरूम उचलायला सांगायला गेला.

"थांबा, आजच नवी घोंगडी लावते," कस्तुरा म्हणाली. दिवा घेऊन ती पुढच्या खोलीत गेली.

"अहो," ती आतून म्हणाली, "माग कुठंय?"

"मोफत दिला. बाई फार खूश झाल्या. दिवाळीला आणखी चाळीस घोंगड्या पाठवा म्हणाल्या."

"आणि त्या मी विणू कशावर?"

म्हाळाप्पा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने दिव्याच्या उजेडात खाली बोट दाखवले.

"खड्डा आहे की," तो म्हणाला. "तोही देत होतो. टेम्पोत बसेना."