जग जेवलेला भाऊ

एका गावात दोन भाऊ राहत होते, आणि त्यांतल्या थोरल्याचं पोट काही त्या गावात भरत नसे. थोरला मोतीराम, धाकटा हैबत. आईबाप लवकर गेले. मोतीरामने मसाल्याचं दुकान टाकलं, धाकट्याला लहानाचा मोठा केला, स्वतःचं लग्न केलं. त्याला मूलबाळ नव्हतं. दुकान चांगलं चाललं. इथवर सगळं ठीक होतं.

पुढे त्याला जत्रांचं वेड लागलं. देवाच्या जत्रांचं नव्हे, खाण्याच्या. जगात कुठे खाद्यजत्रा भरली असं कानावर आलं की हा पिशवी भरायचा. एका देशात लसणाची जत्रा, तिथे गेला. दुसऱ्या देशात चीजचा उत्सव, तिथेही गेला. एका गावात कुत्री जमिनीखालचं अळंबं हुंगून काढतात आणि लोक ते सोन्याच्या भावाने खातात, तेही खाऊन आला. एका ठिकाणी तर लोक टोमॅटो खायचे सोडून एकमेकांना फेकून मारतात. तिथे मोतीरामच्या तोंडावर एक बसला. घरी येऊन म्हणाला, "आंबट होता."

सगळं जग पाहिलं आणि सगळ्या जगाला नावं ठेवली. लसूण उग्र. चीजला वास. अळंब्याला मातीची चव. मग जायचं कशाला? तर पुढच्या जत्रेला कदाचित बरं असेल! इकडे मिरच्या हैबतने कुटायच्या, गिऱ्हाइकं हैबतने सांभाळायची, आणि शिंका हैबतने द्यायच्या.

परत आला की पाटावर बसायचा. बायको सगुणा पिठलं-भाकरी वाढायची. हा ताटाला हात लावायचा नाही. हात हवेत, तोंड चालू. तिकडचे तवे केवढे, तिकडच्या परातीत माणूस कसा झोपेल, सगळं सांगून व्हायचं. मग ताटाकडे बघून तोंड वाकडं करायचा. "पिठलं गार झालंय."

"गार होईल नाही तर काय!" हैबत उसळायचा. "भाकरी तुझी वाट बघून चामडं झाली. वहिनी बिचारी उभी आहे. खायचं तर खा, नाहीतर ऊठ!"

मग मोतीराम हसायचा आणि मुकाट्याने दोन भाकऱ्या खायचा. दर खेपेला हेच. हैबतला वाटायचं, हा माणूस आपला जीव खाऊनच उठणार.

एकदा मोतीराम कुठल्याशा मासळीच्या जत्रेला निघाला. छातीत दुखत होतं. वैद्य नको म्हणाला, सगुणा नको म्हणाली. मोतीराम पिशवी भरत राहिला. हैबतचं डोकं फिरलं.

"जा! आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

मोतीराम गेला. परतीच्या वाटेवर त्याच्या छातीत कळ आली, आणि घरी त्याचा देह आला.

मामा आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हैबत्या, तुझ्या जिभेनं घात केला. जाणाऱ्याला असं बोलतात?"

हैबतने मान खाली घातली. त्या दिवसापासून तो कोणावर ओरडला नाही. दुकानासमोरच्या बैलालासुद्धा "बाजूला व्हा" म्हणू लागला. पोटात घास जाईना. मनात एकच घोकत होता. आता दादाला निरोप तरी नीट देऊ. एवढं तरी आपल्या हातून नीट होऊ दे.

त्या भागातली रीत अशी, की दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवायचा आणि वाट बघायची. कावळ्याने चोच लावली तर गेलेल्याचा जीव सुखाने गेला. नाही लावली तर त्याचं काहीतरी राहिलं.

हैबत आदल्या दिवशी शहरात जाऊन आला होता. त्याने पिंडाभोवती सगळं मांडलं. चीज मांडलं. बाटलीतली ऑलिव्हं मांडली. डब्यातला अननस, चॉकलेट, कसलीशी वाळकी अळंबी. दादा जगभर ज्याच्यामागे हिंडला ते सगळं त्याच्यापुढे यावं म्हणून. सगुणाने कोपऱ्यात पानावर पिठलं-भाकरी ठेवली. मामा कुजबुजला, "ते कशाला मध्ये?" पण तिने उचललं नाही.

कावळा आला. बाभळीवरून खाली उतरला. पिंडाभोवती एक फेरी मारली. चीजकडे बघितलं, मान वाकडी केली, आणि दोन पावलं मागे जाऊन बसला.

हैबतने हात जोडले. "दादा, आपण वहिनींची काळजी करू नये. मी त्यांना अंतर देणार नाही."

कावळ्याने पंख खाजवला.

"दुकान मी चालवीन. आपण निश्चिंत असावं."

कावळा दुसरीकडे बघू लागला. जन्मात हैबतने दादाला 'आपण' म्हटलं नव्हतं. सगुणा पदराआडून त्याच्याकडे बघत राहिली.

मग ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. शेजारी म्हणाला, उसने नेलेले खलबत्ते परत करतो. मामा म्हणाला, तुझ्या नावाने गावात खाद्यजत्रा भरवतो. कावळा जवळ यायचा, चोच पुढे करायचा, आणि पुन्हा मागे. ऊन चढलं. पायाखालची वाळू तापली. पाहुण्यांना भुका लागल्या.

शेवटी गुरुजी म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, तो पिंडाला लावू आणि मोकळे होऊ."

"हो, हो, उरका," मामा म्हणाला. "ह्याच्या बोलण्यानंच तो रुसलाय. आता काय येतोय!"

गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या घेऊन गाठ मारली. हैबतने ती बघितली. मग समोरच्या कावळ्याकडे बघितलं. तो मान वाकडी करून चीजकडे बघत होता, जसं काही चीजला वास येत होता.

एवढे दिवस सगळं दाबून धरलेला हैबत उसळला.

"ठेवा ती काडी खाली! माझा भाऊ काय गवताच्या तोंडाने जेवणार?" तो गुरुजींवर ओरडला आणि कावळ्याकडे वळला. "आणि तू रे! सगळं जग खाल्लंस तरी तोंड वाकडंच! तिकडे टोमॅटो आंबट, इकडे पिठलं गार! माणसं उन्हात भाजतायत. वहिनी पहाटेपासून चुलीपुढे बसलीय. तुझ्यापायी मी शहरभर वणवण हिंडलो, आणि तू फेऱ्या मारतोस? खायचं तर खा, नाहीतर ऊठ!"

"अरे, अरे!" मामाने कपाळाला हात लावला. "गेलेल्या माणसाला असं—"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा टुणकन पुढे आला. भाताला त्याने चोच लावली. मग चीजवर पाय देऊन तो कोपऱ्यात गेला आणि पिठलं खाऊ लागला.

हैबत वाळूत खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला.

सगुणा जवळ आली. "भावजी," ती म्हणाली, "इतके दिवस घरात कोणी ओरडलं नाही. त्यांना घर ओळखू कसं यावं?"

"मी त्याला तोंड दाखवू नको म्हणालो, वहिनी."

"म्हणालात. आणि ते गाडीत बसेपर्यंत हसत होते. मला म्हणाले, 'एवढ्या जत्रा फिरलो, जिथे जावं तिथे या-बसा म्हणतात. ऊठ म्हणणारा एकच, तो घरी आहे. म्हणून तर परत यावंसं वाटतं.'"

मामा घसा खाकरून नदीकडे बघू लागला.

घरी पानं मांडली. हैबत पाटावर बसला. सगुणाने वाढलं. हैबतचा हात ताटाशी गेला आणि तिथेच थांबला. डोळ्यांतून पाणी गळून भाकरीवर पडत होतं. पिठलं गार होत चाललं.

सगुणाने थोडा वेळ वाट बघितली. मग तिने कमरेला पदर खोचला.

"भावजी, भाकरी चामडं झाली! खायचं तर खा, नाहीतर उठा!"

हैबतने डोळे पुसले आणि मुकाट्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तात्पर्य: या-बसा जगात कुठेही मिळतं, हक्काने चिडणारं माणूस फक्त घरी असतं. त्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. आणि मायेपोटी चिडल्याचा दोष स्वतःला लावून गेलेल्यामागे उपाशी बसू नये.